भिंतीतला दणका

भिंतीत धाडकन दणका बसला. मग सबंध पाइप वरपासून खालपर्यंत थरथरला आणि गप्प झाला. देवश्रीच्या हातातली पोळी तव्यावर वाकडी पडली. आजही नेमका जेवणाच्या आधी. वरच्या मजल्यावर सासूबाईंशिवाय कुणी नव्हतं, आणि सासूबाई तर दिवाळीपासून अंथरुणाला खिळलेल्या.

तव्यावरची पोळी उतरवून, धीर गोळा करून ती वर गेली. शरदिनीबाई पांघरूण घेऊन पडून होत्या, तोंड खिडकीकडे, गंगेकडे. शेजारच्या न्हाणीघरात कुणी नव्हतं. फरशी मात्र ओली होती आणि बादली अर्धी भरलेली.

"घाबरू नकोस," सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "ते येऊन गेले. त्यांच्या न्हाण्याचा टाइम आहे ना हा."

ते म्हणजे देवश्रीचे सासरे, विश्वेश्वरशास्त्री. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं.

लग्नाआधी देवश्री नागपूरला शाळेत फिजिक्स शिकवायची. भुताखेतांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता, पण आताशा वर जाताना ती जिन्यात रामरक्षा म्हणायची. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय. तिच्या नवऱ्याने, प्रसन्नने, हसून प्लंबर बोलावला. मोहनने सैल पाइपला क्लँप ठोकले, झिजलेले वॉशर बदलले, सगळे नळ सोडून पाइपातली हवा काढली. थरथर थांबली. दणका थांबला नाही. उलट आता तो जास्तच स्वच्छ ऐकू यायचा, कुणी दार आपटल्यासारखा.

इथून निघू या, असं तिने प्रसन्नला किती वेळा म्हटलं. पण निघणार कसं? त्याची नागपूरला बदली झाली होती. तिच्या जुन्या शाळेनेही तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती, शाळेपासून माहेर हाकेच्या अंतरावर. तिला जायचं होतं, फार फार जायचं होतं. अडलं होतं ते सासूबाईंपाशी. सासरे गेल्यावर त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला होता. मरेपर्यंत काशीची वेस ओलांडायची नाही. प्रसन्नला असले नेम मान्य नव्हते. त्याने आईचंही तिकीट काढलं, आणि तेवढ्यात तिचे पाय गेले. रिपोर्टांत काही सापडलं नाही. डॉक्टर म्हणाले, वय आहे, एवढा प्रवास झेपणार नाही. बदली रद्द करून घेतो, असं प्रसन्न आता रोज म्हणत होता.

एका दुपारी कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देऊ लागला म्हणून देवश्रीने धो धो चाललेला स्वैपाकघरातला नळ झटक्यात बंद केला. भिंतीत दणका बसला. तोच. एरवी ती नळ सावकाश फिरवायची. तिने पुन्हा सोडला, पुन्हा झटक्यात फिरवला. पुन्हा तोच. धावतं पाणी एकदम अडवलं की ते पाइपात आपटतं, हे तिने मुलांना फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा! तिला हसू आलं, आणि लगेच अंगावर काटा आला. म्हणजे दोष हवेचा नव्हता, क्लँपचाही नव्हता. वर रोज कुणाचा तरी हात नळ बंद करत होता.

रविवारी, प्रसन्न खाली पेपर वाचत असताना, ती अनवाणी वर गेली आणि जिन्याच्या वळणावर थांबली. न्हाणीघरात पाणी पडत होतं. रामरक्षा तिच्या ओठांतच अडकली. दणका बसला. कडी निघाली. ओलेत्याने, एक हात भिंतीला लावून, शरदिनीबाई बाहेर आल्या. पावलं सावकाश पडत होती, पण पक्की.

देवश्रीला आधी रडू आलं. मग राग आला. स्वतःच्या हातांनी ती रोज हे पाय चोळत होती.

"ओल्या फडक्याने पुसून घेणं म्हणजे काय स्नान झालं?" सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या. "प्रसन्नला बोलू नकोस गं. मी चालते हे कळलं, की तो मला गाडीत बसवेल. मला इथेच मरायचंय."

भिंतीला टेकलेला त्यांचा हात धरायला देवश्री पुढे झाली आणि थबकली. त्या सोवळ्यात होत्या.

"पुन्हा तेच का?" खालून प्रसन्नने विचारलं.

नागपूरच्या शाळेचं फाटक क्षणभर तिच्या डोळ्यांसमोर आलं. गेलं.

"पाइपच आहे," तिने जिन्यातून सांगितलं. मग ती सासूबाईंकडे वळली आणि पुटपुटली, "आई, नळ जरा हळू बंद करत जा."