हयात नाहीत

मिरजगावचे यज्ञेश्वरभट, त्यांचे चिरंजीव भालचंद्र, भालचंद्रांचा केदार आणि केदारची मनवा. घराणे एवढे सांगितले म्हणजे पुरे.

मनवा नववीत होती. चार वर्षांनी करावयाच्या अर्जाची तयारी घरात आतापासून चालली होती. शंभरांतून चौघांनाच घेणारे ते परदेशी विद्यापीठ नुसते गुण पाहत नसे. मुलीने आयुष्यात काय सोसले, तेही लिहून मागत असे. मनवाने काहीच सोसलेले नव्हते. म्हणून पुण्याच्या मार्गदर्शक दिपाली मॅडम यांनी तिला आजोबांचा मृत्यू नेमून दिला होता.

आजोबा समोरच मटार सोलत बसले होते.

रविवारची दुपार. सावेडीतल्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला गेला. सूनबाई स्नेहल यांनी सासऱ्यांची खुर्ची फ्रिजच्या आडोशाला सरकवली.

“अण्णा, कॅमेऱ्यात येऊ नका हं. आणि खोकू नका.”

“मेलेला माणूस खोकत नाही, एवढं मला कळतं,” भालचंद्रपंत म्हणाले. “तारीख मात्र कोरी सोडलीत तुम्ही.”

“अर्ज चार वर्षांनी जायचाय, अण्णा. तोवर…”

स्नेहलने वाक्य तिथेच सोडले आणि मटारची सालपटे गोळा करून नेली.

मनवा वाचू लागली. निबंध इंग्रजीत होता. आजोबांची खुर्ची आता रिकामी असते, या वाक्यापाशी तिचा आवाज चिरकला. तीन महिन्यांच्या सरावाने तिला आता खरेच रडू येई. पंतांनी पाण्याचा पेला पुढे केला. तिने खुर्चीकडे पाहिले. तिची नजर त्यांच्यातून पलीकडे गेली आणि भिंतीवर थांबली. पेला तसाच राहिला.

“सुंदर, मनवा!” दिपाली मॅडम पडद्यावरून म्हणाल्या. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. “तुझ्यामागे दारात कोण उभं आहे गं?”

मनवाने वळून पाहिले. दार उघडे होते. पलीकडे जिना, त्यावर ऊन.

“कुणी नाही, मॅडम.”

“आहे की! धोतरवाला म्हातारा. हातात पत्र्याची ट्रंक आहे. हमाल दिसतोय. जायला सांगा त्याला, रेकॉर्डिंग चालू आहे.”

पंतांच्या मांडीवरचे ताट कलंडले. मटार फरशीभर पसरले.

“तेरा वर्षांचा होतो मी,” ते मनवाला हलकेच म्हणाले. “इथल्या नगरच्या एका बोर्डिंगात पोरक्या मुलांनाच जागा मिळायची. अर्जावर ‘वडील हयात नाहीत’ असं लिही, हे वडिलांनीच सांगितलं होतं. पण फाटकाशी ट्रंक धरून उभा आहे तो कोण, असं बोर्डिंगच्या साहेबांनी विचारलं. तेव्हा ‘हमाल’ हा शब्द माझा होता. वडिलांनी तो ऐकला. ट्रंक खाली ठेवली, मला नमस्कार केला आणि गेले. पुन्हा कधी भेटायला आले नाहीत. त्यांचं एवढं एक देणं माझ्याकडे राहिलं.”

“अण्णा, बोलू नका!” स्नेहल दबक्या आवाजात ओरडली. “पोरीचं सगळं मुसळ केरात जाईल!”

पंत उठले. मनवाच्या खुर्चीमागे, कॅमेऱ्यासमोर ताठ उभे राहिले.

“हमाल नव्हे, बाई,” ते म्हणाले. “माझे वडील आहेत ते. सांगायला उशीर झाला.”

मग ते दाराशी गेले. मोकळ्या उंबऱ्यापाशी वाकून त्यांनी दोन्ही हातांनी काहीतरी जड उचलले आणि आत आणून ठेवले. त्यांच्या हातांत काही नव्हते. फरशीवर पत्रा घासल्याचा आवाज मात्र तिघींनीही ऐकला.