मरगूबाईचे चांदीचे डोळे

सकाळी मरगूबाई देवीच्या अंगावरचं शेंदराचं जाड कवच आपसूक सुटलं आणि तिच्याच पायाशी येऊन पडलं. त्यावर डकवलेले चांदीचे डोळेही निघाले. माळावरच्या वस्त्यांवर बातमी पोचायला घटकाही लागली नाही.

रंगुबाई देवळात आली तेव्हा पुजारी लालासाहेब नवा शेंदूर तेलात कालवत होता. बाहेर ढोलवाले खोळंबले होते. शेंदराचं पहिलं बोट लावायचा मान रंगुबाईच्या घराण्याचा. तो तिनं कधी चुकवला नाही, पण देवीशी बोलणं मात्र तीस वर्षांपूर्वीच सोडलं होतं. समोरच्या विहिरीत तिचा सात वर्षांचा धुळा बुडाला, त्या दिवसापासून. एवढे टपोरे डोळे असून ही बया नुसती बघत बसली, हा राग काही केल्या जात नव्हता. आणि ते डोळे तरी कुणाचे? धुळा झाला तेव्हा रंगुबाईनंच नवसाचे वाहिलेले.

गाभाऱ्यात तिरपं ऊन उतरलं होतं. त्यात शेंदराची धूळ सावकाश तरंगत होती. बातमी ऐकून तासगावहून आलेले चित्रकलेचे मास्तर दगडासमोर उकिडवे बसले होते.

"बघा आजी," ते हलक्या आवाजात म्हणाले, "कारागिरानं पापणीचा केससुद्धा सोडला नाही."

रंगुबाई वाकली. काळ्या दगडातला कोवळा चेहरा, मान किंचित कललेली, ओठ जरासे विलगलेले. डोळे मिटलेले. दिवसभर राबून डोळा लागलेल्या बाईचे असतात तसे.

"आसंच घडीवलंय?"

"मुळातच. उघडे डोळे आपण लोकांनी वरून लावले."

रंगुबाई कितीतरी वेळ बघत राहिली.

"म्हंजे तुला दिसलंच न्हाई व्हय गं," ती देवीला म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. इतक्या वर्षांचा राग त्या रडण्यात वाहून गेला.

लालासाहेबानं चांदीचे डोळे धोतराला पुसून पुढं केले. "आवं रंगुआक्का, आटपा. डोळं बशिवल्याबिगर ढोल कसा वाजवायचा?"

रंगुबाईनं ते डोळे घेतले आणि कमरेच्या चंचीत टाकले. मग खांद्यावरची घोंगडी काढून देवीच्या अंगावर नीट पांघरली.

"ढोल नगं आज. निजू द्या तिला," ती म्हणाली. "जागी झाली की धुळ्याचं मीच सांगीन."