कपाचे पाचशे

रंजिताबाईंनी कागद दुसऱ्यांदा वाचला आणि चहाखालचा गॅस बारीक केला.

कागद बेबीताईंनी आणला होता. कामाचे नवे दर. भांडी, झाडू-पोछा, पोळ्या. लेआउटमध्ये कामाला येणाऱ्या सतरा जणींनी रविवारी विहाराच्या पायऱ्यांवर बसून ते ठरवले होते आणि बेबीताईंची सून दीपा हिनं झेरॉक्सच्या दुकानात टाइप करून आणले होते. शेवटची ओळ अशी होती : 'कामवालीला चहासाठी वेगळा कप असल्यास महिना पाचशे रुपये जास्त.'

यवतमाळच्या बाहेर, दारव्हा रोडला, कमानीवर सिमेंटचे दोन हंस असलेलं हे लेआउट. इथं राहणं सोपं नव्हतं. बोअर उन्हाळ्यात आटायची, म्हणून टँकर. टँकर आला की आधी कारंज्यात पाणी, कारण तसा कमिटीचा ठराव. शिवाय मेन्टेनन्स, क्लबची वर्गणी आणि कुत्र्याचे केस कापायला येणारा मुलगा. एवढा खर्च सोसायचा म्हणजे कुठंतरी बचत करावीच लागते. रंजिताबाई ती कोथिंबिरीवर करत. गेटवरच्या भाजीवाल्याला दोन रुपयांसाठी त्यांनी एकदा कमानीपासून परत बोलावलं होतं.

बेबीताईंचा कप मागच्या खिडकीत असे. दांडी तुटलेला, भांड्यांच्या पावडरीशेजारी. घरातले बाकीचे कप बेबीताईच घासत, पुसत आणि काचेच्या कपाटात लावत. पोळ्याही त्यांच्याच हातच्या. त्या हातांना घरात कुठंच मज्जाव नव्हता. फक्त तोंडाची व्यवस्था वेगळी होती. त्या कपात चहा ओतताना रंजिताबाई खिडकीबाहेर पाहत. पाहुणे आले की कप पावडरीच्या डब्यामागे सरकवत. याला नऊ वर्षं झाली होती.

रविवारी पायऱ्यांवर सतरा जणींतली मानीबाई म्हणाली होती, "पन्नास लिव ना, बेबी."

"पन्नास तं फेकून मारतीन. पाचशे लिव. दोन रुपयाच्या कोथिंबिरीपायी जीव काढते आमची मॅडम. पाचशे वाचवाले कप बरोब्बर खाली काढन."

बेबीताईंना पाचशे नको होते. त्यांना कप हवा होता. कोणता, तेही ठरलं होतं. निळ्या फुलांचा, उजवीकडून तिसरा.

"हे काय हो, बेबीताई?" रंजिताबाई हसल्या. "तुम्ही तर घरच्याच. आमच्याकडे असलं काही नसतं. ते आपलं स्वच्छतेसाठी."

"मंग अडचणच नाही, मॅडम. थे ओळ खोडा, अन् आजचा चहा त्या निळ्या फुलाच्या कपात द्या."

चहा वर आला. रंजिताबाईंनी गॅस बंद केला, फोन उचलला आणि आतल्या खोलीत गेल्या.

बेबीताईंनी हात धुऊन पदराला पुसले. कपाटाकडे गेलेला हात त्यांनी मागे घेतला. आज तो कप त्यांनी काढायचा नव्हता.

आतून रंजिताबाईंच्या नवऱ्याचा आवाज आला, "पाचशे? कायचे पाचशे?" मग आवाज खाली गेला. मग लेआउटच्या बायकांच्या ग्रुपवर मेसेज पडू लागले. एकामागून एक. बाहेर ओट्यावर चहावर साय धरली.

दहा मिनिटांनी रंजिताबाई पेन घेऊन आल्या.

"भांड्यांचे शंभर वाढवलेत, ते पन्नास करा. पोछ्याला वाढ नाही. पोळ्यांचं दिवाळीनंतर पाहू. महागाई किती आहे, तुम्हाला का सांगायला पाहिजे?" पेन भरभर खाली येत शेवटच्या ओळीपाशी थांबलं. बेबीताईंनी कपाटातल्या निळ्या फुलांच्या कपाकडे पाहिलं.

"हे राहू द्या," रंजिताबाई म्हणाल्या. "ग्रुपवर सगळ्यांचं एकमत झालंय. उगाच वाद नको."

पर्समधून त्यांनी पाचशेची नोट काढली आणि मिसळणाच्या डब्याखाली दाबून ठेवली. खिडकीतला कप उचलला. चहा पुन्हा गरम केला, ओतला. आज त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं नाही. सरळ बेबीताईंच्या डोळ्यांत पाहून कप पुढे केला.

"घ्या. आलं घातलंय."

बेबीताईंनी चहा मोरीत ओतला, कप घासला आणि पावडरीच्या डब्यामागे ठेवला. रंजिताबाईंनी तो पुढे ओढून ठेवला. आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

दुपारी विहाराच्या पायऱ्यांवर सतरा जणी जमल्या. एकेकीच्या मुठीत, घरागणिक एक अशा, तीन-तीन, चार-चार नोटा. भांड्यांवर, पोछ्यावर, पोळ्यांवर प्रत्येक घरात घासाघीस झाली होती. शेवटच्या ओळीवर एकाही घरात झाली नव्हती. कपाटातला कप एकीच्याही ओठाला लागला नव्हता.

मानीबाईनं एक नोट उन्हात धरून पाहिली. "खरी हाय वो," ती म्हणाली. कुणी हसलं नाही.

"पण आई, जिंकलोच ना आपण?" दीपानं पेन काढलं. "पुढच्या महिन्यात हजार लिहू?"

बेबीताईंनी कागद तिच्या हातून घेतला. शेवटची ओळ नखानं दुमडली आणि तेवढीच फाडून काढली.

"हजार बी देतीन," त्या म्हणाल्या. "आजवर फुकट होतं, तं जराशा लाजत तरी होत्या."