कोबीचा चोर

“पुन्हा आला होता,” मास्तर वाफ्याशी उकिडवे बसून म्हणाले. “बघ, कसा हात मारून गेलाय!”

लेक चहाचे कप घेऊन मागच्या पायरीवर उभी होती. कालपर्यंत धड असलेल्या कोबीच्या पानांच्या कडा आज कुरतडलेल्या होत्या. मास्तरांनी जन्मभर शिवणकाम केलेलं. गिऱ्हाइकाने परत आणलेली कॉलर बघावी तसं ते एकेक पान उलटसुलट करून बघत होते.

“बाबा, तुमची बॅग भरून पडलीय. माझी रजा संपत आली.”

“मी कुठे नाही म्हणतोय? हा ससा सापडला की त्याच दिवशी निघू. तुझ्या आईची बाग चोराच्या तोंडी देऊन मी हलायचा नाही.”

लेकीने कप पुढे केला. या खेपेला ती बाबांना घेतल्याशिवाय परत जाणार नव्हती. गेल्या थंडीत मास्तर न्हाणीघरात पाय घसरून पडले आणि दूधवाला येईपर्यंत तसेच पडून राहिले. तेव्हापासून अवेळी फोन वाजला की ती धावत जाऊन उचलायची.

मग दोघं हात धुऊन सशाच्या मागे लागली.

आधी आईचे उपाय झाले. न्हाव्याकडून कापलेले केस आणून वाफ्याभोवती पसरले. लसूण वाटून त्याचं पाणी शिंपडलं. साबणाचे तुकडे दोऱ्यात ओवून घेवड्याच्या काठ्यांना टांगले. लेकीला वाटलं, आपण पुन्हा शाळेत जातोय की काय! तेव्हा कुंपणापलीकडे मोकळं रान होतं, आता तिथे इमारती उभ्या होत्या. त्या रानातून ससे यायचे आणि आई झाडू घेऊन त्यांच्यामागे अनवाणी धावायची. बाबा खिडकीशी मशीन थांबवून ओरडायचे, “अगं, चपला तरी घाल!” एकदा एक ससा जाळीत अडकला. आईने आधी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, मग त्याचे डोळे बघितले आणि गाजर देऊन सोडून दिला.

“पोट कुणाला चुकलंय, म्हणाली होती,” लेकीने आठवण काढली.

“आणि दुसऱ्या दिवशी तो भाऊबंदांना घेऊन आला!” मास्तर ठसका लागेपर्यंत हसले. आई गेल्यापासून त्यांचं असं हसणं तिने ऐकलंच नव्हतं.

पण चोर काही ताकास तूर लागू देईना. केस ओलांडून आला, लसूण पचवून गेला. शेजारच्या कोंबडीवाल्याचा कुत्रा पान हललं तरी भुंकायचा, पण या चोराला त्याने एकदाही हटकलं नाही. कोंबडीवाल्याने आपला पिंजरा उसना दिला, तर त्यातलं गाजर रोज सकाळी जसंच्या तसं. कोबी जायचा, घेवडा जायचा, आईच्या शेवंतीला मात्र धक्का नाही.

“चोर मोठा विचारी दिसतो,” लेक म्हणाली.

“कडू लागत असेल,” मास्तर म्हणाले आणि पिंजऱ्याची कडी तपासू लागले.

ऑफिसातून साहेबांचा फोन आला. आता आणखी रजा मिळायची नव्हती. त्या संध्याकाळी लेक बाजारात गेली आणि पक्षी विकणाऱ्याकडून एक तपकिरी ससा पिशवीत घालून घेऊन आली. रात्रभर त्याला तिने आपल्या खोलीत खोक्यात लपवलं. सकाळी न्हाणीघरात पाणी वाजायला लागलं, तशी ती दबक्या पावलांनी बागेत गेली. कोबीची पानं आजही कुरतडलेली होती. पुरावा आयता मिळाला म्हणून तिला बरंच वाटलं. बाबांना फसवणं जिवावर आलं होतं, पण तिने मन घट्ट केलं, ससा पिंजऱ्यात सोडला आणि कडी पाडली.

“बाबा! सापडला!”

मास्तर ओल्या केसांनीच बाहेर आले आणि पिंजरा बघून जागीच थबकले. तिला वाटलं होतं, ते पोराटोरांसारखे टाळ्या पिटतील. पण तसं झालं नाही. खाली बसून त्यांनी जाळीतून बोट आत घातलं. सशाने ते हुंगलं.

“आता निघायचं ना?” तिने विचारलं.

“शब्द दिलाय. निघू.” त्यांनी एकदा सगळ्या वाफ्यांवरून नजर फिरवली. लेकीला ते बघवेना.

गलका ऐकून कोंबडीवाला कुंपणाच्या फाटकातून आत आला. “सापडला का लेकाचा!” त्याने पिंजरा उघडून सशाला मानेला धरून बाहेर काढलं. “चांगला भरलाय की, मास्तर! तुम्ही तर निघालात, मीच नेतो याला. दुपारी हंडीत घालतो. खाल्लेला कोबी वसूल!”

ससा पाय झाडायला लागला. लेक दोन पावलं पुढे आली. त्या बिचाऱ्याने या बागेतलं एक पानही तोंडात धरलं नव्हतं. खरं सांगावं तर बाबा यायचे नाहीत, गप्प बसावं तर मुका जीव हकनाक जायचा. शेवटी तिला राहवलं नाही.

“काका, थांबा. बाबा, मी काल...”

“सोड त्याला!” मास्तर मध्येच कडाडले. “चोर सोडून संन्याशाला कशाला फाशी देतोस?”

कोंबडीवाला हसला. “वा! मग तुमचा कोबी खाल्ला कुणी?”

मास्तरांनी त्याच्या हातून ससा काढून घेतला आणि छातीशी धरला. लेकीकडे बघायचं त्यांनी टाळलं.

“खाल्ला कुणीच नाही,” ते म्हणाले. “रोज पहाटे मीच कातरतो.”