चाकापुढची वीट

मेकॅनिकने नवे टायर बसवले, ब्रेक तपासले आणि किल्ली तिच्या हातात ठेवली. "खुशाल न्या, ताई." नवरा याच गाडीच्या अपघातात गेला, तेव्हापासून गाडी दारातच उभी होती. आज पहिल्या फटक्यात सुरू झाली, पण जागची हलेना. तिने उतरून पाहिलं, तर मेकॅनिकने काढलेली वीट पुन्हा चाकापुढे! बाजूला उभ्या सासऱ्यांची बोटं विटेच्या लाल भुकटीने माखलेली. "आजोबा, माझ्या ब्रेकपेक्षा तुमची वीट भारी," मेकॅनिक हसला. "बाबा, उद्यापासून मला कामावर जायचंय ना?" "ब्रेकचा काय भरवसा, सूनबाई? तेव्हाही चांगलेच होते." गाडी अडली तेव्हा तिलाही हायसंच वाटलं होतं. तिने वीट उचलली, गाडीचं पलीकडचं दार उघडलं. "तुम्ही बसा बरोबर. एकटीला धीर होत नाही." सासरे बसले. वीट त्यांनी मांडीवर घेतली. "असू दे. चढावर थांबलीस तर लागेल."