चौथा पेला

पाचही पेले समोर भरलेले होते आणि कुणी हात लावत नव्हतं.

मागणी मान्य झाल्याशिवाय घोट घ्यायचा नाही, ही आमच्याकडची रीत. मुलगी मागायला गेलेले असोत की खुनाची माफी मागायला, पेला खाली ठेवायचा आणि यजमानाच्या तोंडाकडे बघत बसायचं. पाहुणा कॉफी न पिता उठला, तर यजमानाला चार गावांत तोंड दाखवायला जागा राहत नाही.

आज अबू हायल मुलासाठी नोकरी मागायला आला होता. तीन वडीलधारी माणसं गोळा करून, करक गावाहून थेट राजधानीत, अम्मानला. यजमान रद्वान बेग एका मोठ्या कचेरीचे मुख्य होते.

मुलगा हायल टोकाला बसला होता. त्याची टाच थांबत नव्हती. प्रशासनाची पदवी घेतलेला हा मुलगा दोन वर्षं करकच्या बाजारात कॉफी भाजत होता. आपणहून, आणि वर खुशीत! घरच्या चुलीवर पाहुण्यासाठी भाजणं हा मान. बाजारात बसून विकण्यासाठी भाजणं म्हणजे बापाचं नाक कापणं. अबू हायलने तेव्हापासून घरात चहा सुरू केला होता. मुलाच्या हातची कॉफी त्याने एकदाही चाखली नव्हती.

निघाल्यापासून हायलची टाच नोकरीच्या धास्तीने हलत होती. आता कारण वेगळं होतं. नोकर सुरई घेऊन आत आला तेव्हाच त्याने वास ओळखला. पहिली तडतड संपताच उतरवलेला दाणा, सालासकट कुटलेला वेलदोडा. बुधवारी त्यानेच भाजलेला घाणा. आपलं मूल परक्या घरात खेळताना दिसावं तसं त्याला झालं. बोलावं, तर चारचौघांत बापाची शोभा. गप्प राहावं, तर उद्यापासून फायली.

सर्वांत वयस्कर शेख फलाहनी घसा साफ केला. "रद्वान बेग, मोठ्या आशेने आलोय. पोरगा शिकलेला आहे, हुशार आहे. तुमच्या कचेरीत त्याला एक खुर्ची द्या."

"खुर्चीच ना? दिली!" बेग हसले. "रविवारपासून येऊ दे. आता प्या बघू, निवतेय."

झालं. एका शब्दासरशी हायलचं पुढचं सगळं आयुष्य खुर्चीवर जाऊन बसलं.

सगळ्यांनी पेले उचलले. अबू हायलने एक घोट घेतला आणि तो थांबला. मग त्याने पेला संपवला. बस झालं असेल तर रिकामा पेला हलवायचा असतो. त्याने हलवला नाही. नोकराने दुसरा भरला, मग तिसरा. तिनाच्या वर जाणं पाहुण्याला शोभत नाही, हे काय त्याला माहीत नव्हतं? तरी त्याने चौथ्यासाठी हात पुढे केला. शेख फलाहनी त्याला कोपराने ढोसलं.

"अबू हायल, आवडली वाटतं!" बेग खूश झाले. "अहो, ही तुमच्या करकचीच. माझा ड्रायव्हर दर गुरुवारी जातो हिच्यासाठी."

"दुकान कुठलं?"

"मशिदीमागचं, निळ्या दाराचं. भाजणारा कुणी तरुण आहे म्हणे, एक नंबरचा अवलिया. मागे ड्रायव्हरला रिकाम्या हाताने परत पाठवलं त्याने. भाजणी मनासारखी उतरली नाही, विकणार नाही म्हणाला. मालक डोकं आपटत होता, पण हा ढिम्म!" बेगांनी सुस्कारा टाकला. "माझ्या हाताखाली चारशे माणसं आहेत. काम मनासारखं झालं नाही म्हणून हळहळलेला त्यांतला एकही मी पाहिलेला नाही."

तिन्ही म्हाताऱ्यांनी एकदम हायलकडे पाहिलं. तो गालिच्याकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते.

अबू हायलला राग आला होता. मुलाचा नाही, दोन वर्षं प्यायलेल्या चहाचा. मग त्याने चौथा पेला तसाच भरलेला खाली ठेवला.

बेगांचा चेहरा उतरला. "हे काय? मी हो म्हटलं ना! आणखी काय हवं? मागा, दिलं समजा."

"शब्द?"

"शब्द."

"मग मघाशी आम्ही जे मागितलं," अबू हायल म्हणाला, "ते तुम्ही ऐकलंच नाहीत असं समजा."