अबलख घोडा

“तो अबलख घोडा तेवढा काढून टाका, येव्हमेन डेनिसोविच,” संपादक चहा ढवळत म्हणाले. “वाचकांना उगाच भलतंसलतं सुचतं.”

नव्या कादंबरीतलं ते प्रकरण येव्हमेनने अजून कुणालाच वाचायला दिलं नव्हतं.

जन्मभर तो जुन्या बखरी चाळून कोसॅक सरदारांवर कादंबऱ्या लिहीत आला होता. दोन बखरींत एकच चूक सापडली, की कुणी कुणाचं उतरवून घेतलं ते त्याला कळायचं. घरातल्या गोष्टी बाहेर फुटतायत असा वास आल्यावर त्याने तीच युक्ती माणसांवर केली. टायपिस्ट बाईंना म्हणाला, सरदाराचा घोडा काळा. शेजारच्या हावरिलोला म्हणाला, पांढरा. बायकोला सांगितला अबलख, तेही केवळ परीक्षा पुरी व्हावी म्हणून. खरं तर त्या प्रसंगात सरदार पायीच होता, आणि मॉस्कोहून आलेल्या झारच्या दूताला तोंडावर ‘नाही’ म्हणत होता. मॉस्कोला दिलेल्या असल्या एका ‘नाही’साठी आजही त्यांच्या पोल्तावा शहरात माणसं उचलली जात होती.

घरी त्याची बायको ओरिसिया वरेनिकी करत होती. पारीत चेरी भरायची, कड दाबायची. इतकी वर्षं पाहिलेले ते हात आज त्याला परके वाटले, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

“अबलख घोडा तूच पोचवलास ना?”

तिने मान वर केली नाही. “हो. मीच.”

“कधीपासून?”

“आपल्या लेकीला, सोलोमियाला, कॉलेजातून काढायला निघाले होते ना, तेव्हापासून. गुप्त पोलिसांचा माणूस मला बाजारात गाठतो. मी त्याला देते काय? घोडे. अंगरखे. लग्नाच्या पंगती. एकदा तर सरदाराच्या मिशीवर त्याचा अख्खा तास खाल्ला. बिचारा सगळं लिहून घेतो.”

“आणि बाकीचं?”

“बाकीचं सांगितलं असतं तर तू आज घरी आला असतास?”

खरं असेल. किंवा हेही तिला कुणी पढवलेलं असेल. येव्हमेनला काही ठरवता येईना.

हातावरचं पीठ झटकत तिने विचारलं, “ते प्रकरण आहे कुठे?”

खिडकीबाहेर मधमाश्यांच्या पेट्या होत्या. कुंपणाकडच्या पेटीच्या तळाशी त्याने कागद दडवले होते. तिकडे नजर जाऊ नये म्हणून तो तिच्याकडेच पाहत राहिला.

“जाळलं. आज सकाळीच. चुलीत.”

ओरिसियाने भिंतीतल्या मोठ्या चुलीकडे पाहिलं. उन्हाळा लागल्यापासून सगळा स्वयंपाक स्टोव्हवर होत होता, आणि चुलीच्या पोटात तिने कांदे भरून ठेवले होते.

“छान,” ती म्हणाली. “कुणीही विचारलं तरी हेच सांग. मलासुद्धा. फक्त आधी चुलीतले कांदे बाहेर काढ.”